शेवटचं स्टेशन की जंक्शन?

प्रश्न: आम्ही दोघंही नोकरी करतो. मुलगी तीन वर्षांची आहे, तिला सांभाळायला सासूबाई आमच्याकडेच राहतात. इतकी वर्षं भाड्याच्या घरात काढली, आता पहिलं स्वतःचं घर घ्यायचं ठरवलंय. शहरात घेणं आवाक्यातलं नाही, म्हणून उपनगरं पालथी घातली आणि दोन घरांवर येऊन थांबलोय.

एक घर रेल्वेच्या अगदी शेवटच्या स्टेशनाचं, पण स्टेशनापासून चार किलोमीटर आत. नवा टॉवर, दोन बेडरूम, लिफ्ट, खाली बाग. गाडीचा प्रवास ६५ मिनिटांचा, गर्दीच्या वेळी दर २० मिनिटांनी गाडी. दुसरं अलीकडच्या जंक्शनवर. स्टेशन चालत १० मिनिटं, गाडी ३५ मिनिटांची आणि ती दर सात-आठ मिनिटांनी. पण इमारत तीस वर्षांची, घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, बेडरूम एकच, आणि वर किंमत पहिल्या घराच्या सव्वापट!

नवऱ्याचं ऑफिस शहराच्या मध्यावर, त्याला आठवड्याचे पाचही दिवस जावं लागतं. माझं शहराच्या दुसऱ्या टोकाला, पण मला तीन दिवस घरून काम करता येतं. नवरा म्हणतो, आत्ता लांबचं घेऊ, पाच वर्षांनी विकून जवळ येऊ. बिल्डर म्हणतो, मेट्रो येतेच आहे. सासूबाई काहीच म्हणत नाहीत. काय करावं?

— दोन स्टेशनांच्या मध्ये अडकलेली

उत्तर: तुम्ही दिलेले ६५ आणि ३५ हे आकडे गाडीचे आहेत, तुमच्या नवऱ्याचे नाहीत. तो काही फलाटावर राहत नाही. घराला कुलूप लावल्यापासून ऑफिसच्या खुर्चीत टेकेपर्यंत किती वेळ जातो, तो खरा आकडा. जाहिरातीत तो कधीच नसतो, म्हणून आधी तोच काढू.

लांबच्या घरातून बसची वाट बघून चार किलोमीटर जायला २० मिनिटं धरा. फलाटावर सरासरी १०, गाडीत ६५, उतरून ऑफिसपर्यंत १५. झाली ११० मिनिटं. जंक्शनवरून चालत १०, फलाटावर ४, गाडीत ३५, पुढे तीच १५. म्हणजे ६४. तुम्हाला ३० मिनिटांचा वाटणारा फरक प्रत्यक्षात ४६ मिनिटांचा निघाला, आणि तो जाता-येता दोन्ही वेळा भरायचा आहे. वर्षाला कामाचे २३० दिवस धरले तर साडेतीनशे तासांच्या वर जातो. आठ तासांची पाळी धरली तर ४४ दिवस. थोडक्यात, लांबच्या घरासाठी तुमचा नवरा दर वर्षी दोन महिने जादा ड्युटी करणार, तीही बिनपगारी.

लांबचं घर स्वस्त असतं ते कुणाच्या उपकारामुळे नव्हे. बाजाराने हे तास आधीच किमतीतून वजा केलेले असतात. प्रश्न एवढाच, की जेवढी सूट मिळाली तेवढ्यात तास विकणं परवडतं का. अर्थशास्त्राच्या पुस्तकी हिशेबाप्रमाणे ते परवडायला हवं, नाहीतर लोक तिथे राहायला गेलेच नसते. ब्रुनो फ्राय आणि अलोइस श्टुत्सर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांच्या अनेक वर्षांच्या माहितीवर हे तपासून पाहिलं. २००८ साली छापून आलेला त्यांचा निष्कर्ष उलटा होता: प्रवास जितका लांब, तितकं माणसांचं आयुष्याबद्दलचं समाधान कमी, आणि मोठं घर किंवा जास्त पगार मिळून ती तूट भरून निघत नाही. मला याचं फारसं आश्चर्य वाटत नाही. नव्या घराच्या दुसऱ्या बेडरूमचं कौतुक सहा महिन्यांत ओसरतं. उशिरा येणाऱ्या गाडीची मात्र सवय होत नाही, कारण ती रोज नव्या तऱ्हेने उशिरा येते.

आता पैशांकडे येऊ. किंमत सव्वापट म्हणजे हप्ताही सव्वापट, असं बहुतेक जण धरून चालतात. तसं नसतं. लांबच्या घराची किंमत १०० धरा, जंक्शनच्या घराची १२५. तुमची बचत दोन्हीकडे तेवढीच, समजा २०. म्हणजे कर्ज एकीकडे ८० आणि दुसरीकडे १०५. हप्ता २५ नव्हे, ३१ टक्क्यांनी वाढतो. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवूनच जंक्शनचा विचार करा. मी जवळच्या घराची वकिली करणार आहे, पण ते महाग आहे हे लपवून नाही.

मात्र समोरच्या पारड्यातही बरंच काही पडायचं आहे. टॉवर स्टेशनापासून चार किलोमीटरवर, म्हणजे आज ना उद्या दुचाकी येणार, तिचं इंधन येणार, स्टेशनाजवळ ती लावायचे पैसे येणार. रेल्वेचा पास जास्त अंतराचा. रात्री बस बंद झाल्यावर टॅक्सी. बाग, लिफ्ट, रखवालदार यांचा मेंटेनन्स, तोही जुन्या इमारतीच्या कितीतरी पट. शिकागोची सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी ही संस्था घर परवडतं की नाही हे ठरवताना घराचा आणि प्रवासाचा खर्च एकत्रच मोजते: दोन्ही मिळून उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांच्या आत हवेत, पैकी घराचे ३० आणि प्रवासाचे १५. आकडे तिथले आहेत, ते जसेच्या तसे तुमच्या पगाराला लागू होतील असं नाही. बेरीज एकत्र करायची ही पद्धत मात्र उचलण्यासारखी आहे. एक कागद घ्या, दोन रकाने करा, हप्त्याच्या खाली वरचा प्रत्येक खर्च लिहा. ३१ टक्क्यांचं अंतर बरंच कमी झालेलं दिसेल. शून्य होईल असं मात्र मी म्हणत नाही.

नवऱ्याच्या पाच वर्षांच्या बेताबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण दहा घरांपैकी आठ घरांत हाच बेत असतो. कर्जाचा हप्ता दर महिन्याला सारखा दिसतो, पण त्याचं पोट सारखं नसतं. सुरुवातीची वर्षं त्यातलं बहुतेक सगळं व्याजातच जातं. व्याजदर ९ टक्के आणि मुदत २० वर्षं समजा. कर्ज १०० असेल, तर पाच वर्षांत तुम्ही हप्त्यांपोटी ५४ भरलेले असतील आणि तरीही सुमारे ८९ देणं बाकी असेल. म्हणजे ५४ भरून फिटले अकरा. तेव्हा पाच वर्षांनी विकून तुमच्या मूळ बचतीपलीकडे हातात फारसं काही उरायचं तर ते किमती वाढल्यानेच उरेल, आणि त्या जंक्शनवरही वाढलेल्या असणार. वर खरेदीचा सरकारी खर्च, दलाली आणि सामान हलवण्याचा खर्च दोनदा. त्यात पाच वर्षांनी मुलगी दुसरी-तिसरीत असेल, तिची शाळा आणि मैत्रिणी तिकडच्या झालेल्या असतील. तेव्हा शाळा कोण बदलणार? बेत करायला माझी हरकत नाही, पण घर निवडताना तो गृहीत धरू नका. हे घर पंधरा वर्षं सोडता आलं नाही तर चालेल का, असं एकमेकांना विचारा.

आणि पंधरा वर्षं नोकरी तरी तीच राहणार आहे का? शेवटच्या स्टेशनाची मोठी अडचण मला अंतराहून ही वाटते. तिथून एकाच दिशेला जाता येतं. जंक्शनवरून निदान दोन मार्ग फुटतात, त्यामुळे उद्या नवऱ्याचं ऑफिस हललं किंवा तुम्ही नोकरी बदललीत, तर नकाशावरचा बराच मोठा भाग तासाभराच्या आत येतो. तुमच्या स्वतःच्या प्रवासाचा तर पत्रात उल्लेखच नाही! ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, म्हणजे टॉवरमध्ये राहिलात तरी बहुधा तुम्हाला जंक्शनवर उतरूनच गाडी बदलावी लागेल. नाकारलेल्या घराच्या पायथ्याशी आठवड्यातून दोनदा उभं राहून पुढच्या गाडीची वाट बघायची. बघा बुवा.

लांबच्या बाजूने एक गोष्ट मात्र खरी आहे आणि ती नवऱ्याने सांगितली नसेल तर मी सांगते. शेवटच्या स्टेशनावर गाडी रिकामी लागते, बसायला मिळतं. जंक्शनवर येईपर्यंत ती खच्चून भरलेली असते. ६५ मिनिटं बसून वाचत जाणं आणि ३५ मिनिटं दांडीला लोंबकळत जाणं यात पहिलं बरं, असं म्हणणारे पुष्कळ भेटतील आणि ते खोटं बोलत नाहीत. न्यूयॉर्ककडे रेल्वेने जाणाऱ्या प्रवाशांचा अभ्यास गॅरी इव्हान्स आणि रिचर्ड वेनर यांनी केला होता. त्यात दिसलं, की माणसाला ताण येतो तो डब्यात एकूण गर्दी किती यापेक्षा आपल्या शेजारी किती खेटून माणसं बसली आहेत यामुळे. तेव्हा जागा मिळते का, हा क्षुल्लक प्रश्न नव्हे. पण ही चैन फक्त सकाळची. संध्याकाळी तीच गाडी शहरातून भरून निघते आणि तेव्हा शेवटच्या स्टेशनाच्या माणसाला सगळ्यात जास्त वेळ उभं राहावं लागतं, निदान जंक्शनवर डबा थोडा मोकळा होईपर्यंत. जंक्शनवरून सुटणाऱ्या गाड्याही असतात का, हे वेळापत्रकात बघा. असतील तर सकाळचा हा मुद्दाही निकाली निघाला.

एक परीक्षा मात्र दोन्ही घरांची घ्याच: गाडी चुकली तर काय होतं? सरासरी दिवस कुणीही निभावतो. बसला सिग्नल लागला, सहा मिनिटं उशीर झाला आणि डोळ्यांदेखत गाडी गेली, की टॉवरमधल्या माणसाचे ११० मिनिटांचे १३० होतात. जंक्शनवाल्याचे आठच वाढतात. म्हणून लांबचा माणूस गाडी चुकू नये म्हणून रोज पंधरा मिनिटं आधी निघतो, आणि ती पंधरा मिनिटं कुठल्याच हिशेबात धरलेली नसतात. तिकडून शहराकडे यायला रस्ता एकच आहे का, पावसात तो तुंबतो का, संध्याकाळी शेवटची बस किती वाजता सुटते, रुळांवर काही बिघाड झाला तर दुसरं साधन काय, हे सगळं विचारून घ्या. बिल्डरला नव्हे. स्टेशनाबाहेर बसच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसांना.

त्यासाठी रविवारी जाऊ नका. घर दाखवायला रविवार ठरवतात तो उगाच नव्हे. रस्ते मोकळे, गाडी रिकामी, बागेत मुलं. तुम्ही दोघं मधल्या वारी, ऑफिस सुटल्यावर, नवऱ्याच्या ऑफिसच्या दारातून निघा आणि टॉवरच्या दारापर्यंत जा. दुसऱ्या दिवशी तसंच जंक्शनला. फलाटावरून बाहेर पडायला किती वेळ लागतो, पुलावर गर्दी किती तुंबते, बसच्या रांगेत कितवा नंबर लागतो, पहिली बस भरून गेली तर दुसरी कधी येते, दिवे कुठे आहेत आणि कुठे नाहीत, तुम्हाला एकटीला रात्री साडेनऊला तिथून चालवेल का. जमलं तर सकाळी सातलाही एकदा टॉवरच्या फाटकावर उभ्या राहा. पाण्याचे टँकर आत जाताना दिसले, तर पाण्याबद्दल बिल्डरने काय सांगितलंय ते विसरा आणि टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरा.

जंक्शनच्या जुन्या इमारतीत वर जायच्या आधी खाली नोटीस बोर्ड वाचा. पाच मिनिटं लागतात आणि महिनाभर चौकशी करून कळणार नाही ते कळतं. मेंटेनन्स थकवणाऱ्यांची यादी आहे का, किती जणांची, किती महिन्यांची? पाणी बंदच्या नोटिसा वरचेवर आहेत का? गच्चीच्या गळतीसाठी वर्गणी काढली आहे का, आणि मागच्या वर्षीही काढली होती का? बोर्ड कोरा असेल तर तेही फारसं बरं लक्षण नव्हे. अशा ठिकाणी बहुधा कुणी काही बघतच नाही. मग इमारतीच्या मागच्या बाजूला जाऊन सांडपाण्याच्या पाइपांभोवतीची ओल बघा, खांबांना तडे किंवा उघडी पडलेली सळई दिसते का बघा. तीस वर्षं हे इमारतीचं म्हातारपण नव्हे, पण हयगय झालेली असेल तर तीस वर्षांत ती चांगलीच दिसते. शंका आली तर स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी भरून त्याला दाखवा. घराच्या किमतीपुढे ती काहीच नाही.

मेट्रोबद्दल थोडक्यात. कागदावरच्या स्टेशनाला शून्य गुण द्या. खांब उभे राहिले असतील, रूळ पडत असतील, तर थोडे द्या. ‘येतेच आहे’ याची किंमत बिल्डरने दरात आधीच लावलेली असते, म्हणजे न आलेल्या मेट्रोचं तिकीट तुम्ही आजच काढताय. आली तर आनंदच आहे. पण ती आली नाही तरी हे घर चालेल का, याचं उत्तर हो असेल तरच पुढे जा.

राहता राहिल्या सासूबाई. त्या काहीच म्हणत नाहीत, असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. या दोन्ही घरांत सगळ्यात जास्त तास कोण काढणार आहे? तुम्ही दोघं दिवसाचे बरेच तास बाहेर असणार. घरात असणार त्या आणि मुलगी. चौथा मजला, लिफ्ट नाही, कडेवर किंवा हाताला धरून तीन वर्षांची पोर, आणि खाली उतरलं की परत चढायचंय. दोन-चार वर्षांनी गुडघे बोलायला लागले की त्या खाली उतरणंच बंद करतील, आणि पर्यायाने मुलगीही. टॉवरमध्ये लिफ्ट आहे, बाग आहे, पण ओळखीचं कुणी नाही. दवाखाना, औषधाचं दुकान, भाजी चालत जाण्याच्या अंतरावर आहे का? नसेल तर प्रत्येक गोष्टीसाठी त्यांना तुमची वाट बघावी लागेल, आणि तुम्ही घरी पोचणार रात्री. त्यांना दोन्हीकडे घेऊन जा आणि घर दाखवून झाल्यावर तिथेच विचारा. नवऱ्यासमोर बोलत नसतील तर तुम्ही दोघीच जा.

माझं मत विचाराल तर जंक्शन, पण ते घर नव्हे. गाव बरोबर आहे, मजला चुकलाय. त्याच परिसरात पहिल्या मजल्यावरचं किंवा लिफ्ट असलेल्या इमारतीतलं घर शोधा. स्टेशन चालत १० ऐवजी २० मिनिटांवर गेलं तरी तुमचे ६४ फार तर ७४ होतील, ११० नाही, आणि स्टेशनापासून जरा आत गेलं की दरही उतरतो. एक बेडरूम असली तरी हॉलचा एक कोपरा बंद करता येईल असा आराखडा बघा. तुम्ही तीन दिवस घरून काम करणार, तेव्हा दार लावून बसायला जागा हवी, नाहीतर मुलगी मांडीत आणि मीटिंग कानात. वाढलेला हप्ता झेपतच नसेल, तर ओढूनताणून घेऊ नका. जंक्शनला वर्षभर भाड्याने राहा, तोवर हाताशी जास्त रक्कम जमेल आणि कोणती गल्ली चांगली हेही कळेल. भाडं वाया जातं म्हणून घाईने लांबचं घर घेणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं, की पहिल्या पाच वर्षांतलं व्याजही परत मिळत नाही.

एकाच गोष्टीने माझं मत बदलेल. नवऱ्यालाही तीन दिवस घरून काम मिळालं आणि ते कागदावर मिळालं, साहेबांच्या तोंडी कबुलीवर नाही, तर साडेतीनशे तासांचा फरक दीडशेच्या आत येतो. मग टॉवरची दुसरी बेडरूम, लिफ्ट आणि बाग यांना खरंच वजन येतं. त्याने या आठवड्यात ऑफिसात विचारून घ्यावं.

आणि जुन्या इमारतीतलं कुठलंही घर पसंत पडलं, तर टोकन द्यायच्या आधी बँकेत जा. इमारतीचं वय बघून बऱ्याच बँका कर्जाची मुदत आखडतात किंवा रक्कम कमी करतात. २० ऐवजी १५ वर्षं दिली तर हप्त्याचा सगळा हिशेब बदलतो. ९ टक्क्यांच्या दराने तो आणखी साधारण १३ टक्क्यांनी चढेल. मुदत, रक्कम आणि दर बँकेकडून लेखी आले, की मगच मालकाशी किमतीचं बोला. आणि इमारत जुनी आहे हे कारण तेव्हा तुम्हालाही घासाघीस करायला वापरता येईल.